गोल कोपऱ्यांची मालकी

२०१२ साली पृथ्वीच्या दोन अंगांना दोन खटले चालू होते आणि दोन्हीकडे न्यायाधीशांपुढे काम एकच होते. दोन वस्तू शेजारी ठेवायच्या, डोळ्यांनी पाहायच्या आणि सांगायचे, एकीचा आकार दुसरीवरून उचललेला आहे की नाही. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या फेडरल न्यायालयात त्या वस्तू म्हणजे टॅब्लेट होते. वादी ॲपल, प्रतिवादी सॅमसंग. मुंबई उच्च न्यायालयात ती कपडे धुण्याची मशीन होती. वादी व्हर्लपूल, प्रतिवादी व्हिडिओकॉन. पहिल्या खटल्याने वर्तमानपत्रांची पहिली पाने भरली. दुसऱ्याची चर्चा वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. टॅब्लेटच्या भांडणात नेमके काय पणाला लागले होते ते कळायला मात्र मुंबईचा खटला हाताशी लागतो, असे माझे ठाम मत आहे.

त्या वर्षांत नवीन पनवेलला स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडले की मोबाइलच्या दुकानांत काचेमागे टॅब्लेट दिसू लागले होते. आयपॅड एखाददुसरा, सॅमसंगचे थोडे, बाकी नावे कधी न ऐकलेली. सगळे काळे, चपटे, कोपरे गोल केलेले. पडदा बंद असला की कुठला कुणाचा हे किमतीच्या चिठ्ठीवरूनच ओळखायचे. गिऱ्हाइकाला त्याचे काही वाटत नसे. पण याच सारखेपणावरून जगातल्या दोन बड्या कंपन्या युरोप, अमेरिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात एकमेकींना न्यायालयात खेचत होत्या.

गोष्ट सुरू होते २००४ मध्ये. १७ मार्चला ॲपलने अमेरिकेत एका डिझाइनसाठी अर्ज केला. आयपॅड यायला सहा वर्षे होती, आयफोनचाही पत्ता नव्हता. अर्जातल्या रेखाचित्रांत एक आयताकृती पाटी आहे. चारही कोपरे सारखेच गोल, पुढचा भाग या कडेपासून त्या कडेपर्यंत सपाट, पाठही सपाट. पुढे बटण नाही, नक्षी नाही, कंपनीचे नावही नाही. शेवटच्या चित्रात एक माणूस ती पाटी हातात धरून वापरताना दाखवला आहे. १० मे २००५ रोजी डिझाइन पेटंट मिळाले, क्रमांक ५०४८८९. शोधकांत कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज आणि डिझाइनप्रमुख जोनाथन इव्ह यांची नावे आहेत. पुढे सगळे वकील त्याला नुसते ‘८८९’ म्हणू लागले. युरोपात अशीच नोंदणी २४ मे २००४ रोजी झाली होती. या चित्रांमागे ॲपलच्या कार्यशाळेत घडवलेला एक नमुना होता, ‘०३५’ नावाचा. तो कधी घडला हे इव्हलाही साक्षीत छातीठोकपणे सांगता आले नाही. २००२ ते २००४ च्या दरम्यान असावा, असे तो म्हणाला.

कायद्याच्या दृष्टीने इथे एक बारीक पण मोठी गोष्ट आहे. डिझाइनची नोंदणी यंत्राची नसते. आत कोणती चिप आहे, स्पर्श कसा ओळखला जातो, बॅटरी किती चालते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. नोंदणी दिसण्याची असते. म्हणजे २००४ मध्ये ॲपलने हक्क मागितला तो एका दिसण्यावर, आणि ते दिसणे होते जवळजवळ काहीच न दिसण्याचे. सगळे काढून टाकल्यावर जे उरते ते.

२७ जानेवारी २०१० रोजी जॉब्जने सॅन फ्रान्सिस्कोत आयपॅड दाखवला. त्याच वर्षी सप्टेंबरात सॅमसंगने सात इंची गॅलॅक्सी टॅब आणला. फेब्रुवारी २०११ मध्ये बार्सिलोनात टॅब १०.१ जाहीर झाला. पुढच्याच महिन्यात ॲपलने ८.८ मिलिमीटर जाडीचा आयपॅड २ काढला, तेव्हा सॅमसंगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने कोरियात उघडपणे सांगितले की आमच्यात जे उणे आहे ते सुधारावे लागेल. काही आठवड्यांत टॅब १०.१ नव्याने समोर आला, जाडी ८.६ मिलिमीटर. मिलिमीटरच्या दहाव्या भागावर चाललेली ही चढाओढ पाहिली की पुढचे सगळे अटळ होते असे वाटते. १५ एप्रिल २०११ रोजी ॲपलने सॅन होजेत दावा लावला. आठवड्याभरात सॅमसंगने कोरिया, जपान आणि जर्मनीत उलट दावे लावले.

पहिला मोठा घाव मात्र जर्मनीत बसला. ९ ऑगस्ट २०११ रोजी ड्यूसेलडॉर्फच्या न्यायालयाने सॅमसंगला न ऐकताच टॅब १०.१ च्या विक्रीवर नेदरलँड्स वगळता साऱ्या युरोपीय संघात मनाई केली. आठवड्याभरात एका डच प्रकाशनाच्या लक्षात आले की ॲपलच्या अर्जातल्या एका छायाचित्रात टॅबची लांबी-रुंदी प्रत्यक्षाशी जुळत नाही. तो खऱ्यापेक्षा आखूड, म्हणजे आयपॅडच्या अधिक जवळचा दिसतो. जिथे सगळा निवाडा डोळ्यांचा, तिथे डोळ्यांपुढे काय ठेवले जाते याला केवढे मोल असते! न्यायालयाने मनाई आवरती घेत जर्मनीपुरती ठेवली. सप्टेंबरच्या बर्लिन प्रदर्शनात सॅमसंगला आपला नवा ७.७ इंची टॅब मांडणीतून उचलावा लागला. मग कंपनीने जर्मनीसाठी वेगळा टॅब काढला, १०.१ एन. कडेची चौकट पुढच्या बाजूला वळवली, स्पीकर समोर आणले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तेच न्यायालय म्हणाले, आता पुरेसा वेगळा दिसतो. आतले यंत्र तेच. हेगच्या न्यायालयाने तर २४ ऑगस्ट २०११ लाच टॅब्लेटच्या डिझाइनवरची ॲपलची तक्रार फेटाळली होती. ॲपलच्या हातात नोंदणी होती ती साऱ्या युरोपची. तरी ड्यूसेलडॉर्फच्या डोळ्यांना एक दिसले, दोनशे किलोमीटरवरच्या हेगला दुसरे.

सॅन होजेचा प्रसंग तर आता दंतकथेसारखा सांगितला जातो, पण तो घडला आहे. १३ ऑक्टोबर २०११ ची सुनावणी. न्यायाधीश ल्युसी को यांनी दोन्ही हातांत एकेक टॅब्लेट डोक्यावर धरला आणि सॅमसंगच्या वकील कॅथलीन सलिव्हन यांना विचारले, यातला तुमचा कोणता? सलिव्हन दहाएक फुटांवर उभ्या होत्या. एवढ्या अंतरावरून नाही सांगता येणार, असे त्या म्हणाल्या. जरा वेळाने त्यांच्याच बाजूच्या दुसऱ्या वकिलाने अचूक ओळखले. ॲपलच्या समर्थकांना यातच निकाल लागल्यासारखे वाटले. पण सारखे दिसणे सिद्ध झाले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. आधी विचारायला हवे की या आकारावर कुणाची मालकी असू तरी शकते का. को यांनी २ डिसेंबरला नेमके तेच विचारले आणि तात्पुरती मनाई नाकारली.

त्यांच्यापुढे सॅमसंगने एक जुनी पाटी आणली होती. रॉजर फिडलर नावाचा माणूस १९९० च्या दशकात नाइट-रिडर या वृत्तपत्र कंपनीसाठी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी एक प्रयोगशाळा चालवत असे. उद्याचे वर्तमानपत्र कागदावर नसेल, हातात धरायच्या चपट्या पडद्यावर असेल, हे त्याचे स्वप्न. १९९४ च्या एका चित्रफितीत ती पाटी दिसते, आयताकृती, गोल कोपऱ्यांची, बातम्या वाचायला केलेली. सॅमसंगने आणखी मागे जाऊन स्टॅनली कुब्रिकचा १९६८ चा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपटही पुढे केला, त्यात अंतराळवीर जेवता जेवता टेबलावरच्या चपट्या पडद्यांवर बातम्या पाहतात. को यांना फिडलरची पाटी महत्त्वाची वाटली. वरिष्ठ न्यायालयाला वाटली नाही : मे २०१२ मध्ये त्याने सांगितले की फिडलरच्या पाटीला उठावाची चौकट आहे, पुढे सलग काच नाही, एकूण दिसणे निराळे. प्रकरण परत आले, २६ जूनला मनाई लागली आणि दोनच महिन्यांत, २४ ऑगस्टला, ज्युरीचा निकाल आला. तो निकाल एक अब्ज डॉलरच्या भरपाईसाठी लक्षात राहिला आहे. त्यातली टॅब्लेटची ओळ मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली : टॅब १०.१ ने ८८९ चा भंग केलेला नाही. दोषी ठरले ते फोन. टॅब्लेटच्या आकारापुरती ॲपल हरली होती. १ ऑक्टोबरला मनाईही उठली.

त्याआधी ९ जुलैला लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश कोलिन बर्स यांनी सॅमसंगच्या बाजूने निकाल दिला होता, आणि मला या सगळ्या साखळीत तोच निकाल सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. बर्स यांनी स्वतःला युरोपीय कायद्यातल्या ‘जाणकार वापरकर्त्या’च्या जागी बसवले, म्हणजे तज्ज्ञ नाही, पण बाजारातले टॅब्लेट हाताळून सवय झालेला. असा माणूस पुढून पाहताना फसत नाही, कारण पुढून सगळेच टॅब्लेट बरेचसे सारखे असतात हे त्याला ठाऊक असते. तो जाडी पाहतो, उलटून पाठ पाहतो. सॅमसंगचे टॅब्लेट अधिक पातळ होते, त्यांच्या पाठीवर वेगळी रचना होती. ॲपलच्या डिझाइनमधला टोकाचा साधेपणा त्यांच्यात नाही, ते तितके झोकदार नाहीत, असे बर्स यांनी लिहिले, आणि याच कारणाने सॅमसंग सुटली. अपील न्यायालयाने १८ ऑक्टोबरला निकाल कायम केला आणि ॲपलला सॅमसंगने नक्कल केलेली नाही अशी जाहीर सूचना आपल्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत द्यायला लावली. ॲपलने सूचनेत जर्मनी-अमेरिकेतल्या निकालांची स्वतःला सोयीची भर घातली. १ नोव्हेंबरला न्यायालयाने ती चुकीची ठरवली. बदलायला ॲपलने चौदा दिवस मागितले, मिळाले अठ्ठेचाळीस तास.

या भांडणाच्या यादीत भारत कुठेही नव्हता. दोन्ही कंपन्या इथे टॅब्लेट विकत होत्या, पण आपल्या एकाही न्यायालयाने त्यांच्या टॅब्लेटचे कोपरे पारखले नाहीत. आपल्याकडे त्या वर्षांत टॅब्लेटची वेगळीच कथा चालू होती. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त ‘आकाश’ जाहीर केला. त्याच तारखेला तिकडे स्टीव्ह जॉब्ज वारला. आकाशची पुढची आवृत्ती मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली आकाराला आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. काळी, सात इंची, गोल कोपऱ्यांची पाटी. फाटकांसारख्या शिक्षकाची तळमळ वेगळ्याच गोष्टीसाठी होती, मुलांच्या हातात ती परवडेल अशा भावात पडावी यासाठी. मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण गोल कोपऱ्यांचा आयत कुणा एकाचा झाला असता तर त्याची किंमत असल्या प्रयत्नांनाही मोजावी लागली असती.

आपला कायदा या बाबतीत जुना आहे. ब्रिटिश काळात १८७२ मध्येच नमुने आणि डिझाइन यांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला. पुढे १९११ चा आला, आणि आज चालतो तो २००० चा डिझाइन कायदा, ११ मे २००१ पासून अमलात. राजधानी कधीच दिल्लीला गेली, पण डिझाइनची नोंदणी अजून कोलकात्यातच होते. व्याख्या मोठी नेमकी आहे : वस्तूला कारखान्यात दिलेला आकार, घडण, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी, जी निव्वळ डोळ्यांनी पारखायची. यंत्राची रचना, नुसती यांत्रिक करामत यात येत नाही. डिझाइन नवे हवे, आणि आधी भारतातच काय, जगात कुठेही प्रसिद्ध झालेले नको. मुदत दहा वर्षे, वाढवून पंधरा. नक्कल करणाऱ्याकडून थेट वसूल होणारी रक्कम मात्र एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५० हजार रुपये. ती नको असेल तर भरपाई आणि मनाईसाठी दावा लावायचा. अमेरिकेत १८८५ मध्ये गालिच्याच्या नक्षीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा सेंट भरपाई दिली होती, कारण नफ्यातला किती वाटा नक्षीमुळे हे सिद्ध करता येईना. दोनच वर्षांत तिथल्या काँग्रेसने कायदा बदलून नक्कल करणाऱ्याचा सगळा नफा वादीला देऊ केला. ॲपलच्या फोनच्या डिझाइनांना मिळालेली प्रचंड रक्कम त्याच १८८७ च्या तरतुदीतून आली. आपल्याकडे पैशाची वाट एवढी अरुंद असल्यामुळे सगळा भर मनाई हुकमावर. वस्तू बाजारातून उठली पाहिजे, तरच दाव्याला अर्थ.

आता मुंबई. भांडणाचे दोन्ही पक्ष कागदोपत्री महाराष्ट्राचेच. व्हर्लपूल कॉर्पोरेशन मिशिगनची, पण व्हर्लपूल ऑफ इंडियाचे नोंदणीकृत कार्यालय पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या एमआयडीसीत, शिरूर तालुक्यात. व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचे तेव्हाच्या औरंगाबादहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर चितेगावात. धूत घराण्याने मराठवाड्यात उभी केलेली ही कंपनी. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही ज्या घरांत पहिल्यांदा आला त्यांतल्या कितीतरी घरांत तो व्हिडिओकॉनचा होता. जपानच्या तोशिबाचे तंत्रज्ञान घेऊन मराठवाड्यातल्या कारखान्यात तो बनतो, याचा त्या भागाला अभिमान होता, आणि तो रास्त होता. व्हर्लपूलला भारतातल्या न्यायालयांची सवय होती. ‘व्हर्लपूल’ हे नावच दिल्लीतल्या दुसऱ्या कुणी वॉशिंग मशीनला दिले तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १९९६ मध्ये जिंकली. एन. आर. डोंगरे विरुद्ध व्हर्लपूल हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. आधी नावासाठी, मग आकारासाठी.

वाद होता सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा. एका खोक्यात दोन टाक्या, एक धुण्याची, दुसरी पिळून काढायची, जिला सगळे ड्रायर म्हणतात. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते अशा घरांत हेच मशीन टिकून राहिले आहे. बादलीने पाणी ओतता येते, तेच पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येते, मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येतो. नवीन पनवेलमध्ये इमारतींच्या गॅलऱ्यांत पाहिले तर आजही अशी कितीतरी दिसतील. वर्षानुवर्षे त्यांचे बाहेरचे रूप एकच होते : सरळ बाजूंचे चौकोनी खोके. व्हर्लपूलने २००९ मध्ये दोन डिझाइने नोंदवली. त्यांत एक बाजू कोपरे गोल केलेली चौकोनी आणि दुसरी बाहेर फुगवटा घेत वळलेली. खोके एकाच अंगाने गोल. ‘एस’ या नावाने ती मशीन विकली जाऊ लागली. मग व्हिडिओकॉनची ‘पेबल’ आली, तशीच एका अंगाने वळलेली. व्हर्लपूलने २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला.

व्हिडिओकॉनचे पहिले उत्तर कायद्यातल्या खोल भेगेवर बोट ठेवणारे होते. पेबलचे डिझाइन कंपनीनेही कोलकात्यात रीतसर नोंदवले होते. सरकारने ज्याला स्वतः हक्काचा कागद दिला त्याच्यावर नकलेचा दावा कसा चालेल? नोंदवलेल्या मालकाविरुद्ध नोंदवलेला मालक उभा राहूच शकत नाही, आधी त्याची नोंदणी रद्द करून घ्या, असा हा युक्तिवाद. ऐकायला वाजवी वाटतो. पण तो मान्य झाला असता तर नक्कल करणाऱ्याला करायला एकच काम उरले असते, नक्कल झाली की कोलकात्याला अर्ज पाठवणे.

खटला न्यायमूर्ती शाहरुख काथावाला यांच्यापुढे होता. हे तेच काथावाला, जे ५ मे २०१८ ला उन्हाळी सुट्टीआधी उरलेली प्रकरणे संपवायला पहाटे साडेतीनपर्यंत न्यायासनावर बसले. २७ मे २०१४ रोजी त्यांनी निकाल दिला. कायद्याचे बाविसावे कलम मालकाच्या संमतीवाचून डिझाइन वापरायला ‘कोणत्याही व्यक्तीला’ बंदी करते, आणि कोणतीही व्यक्ती म्हणजे जिच्याकडे स्वतःची नोंदणी आहे तीसुद्धा. ट्रेडमार्क कायद्यात दोन नोंदवलेल्या मालकांना एकमेकांविरुद्ध उभे राहण्याला आडकाठी आहे, डिझाइन कायद्यात तशी नाही. संसदेला हवी असती तर तिने ती लिहिली असती. वर्षभर आधी, मे २०१३ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही मोहन लाल विरुद्ध सोना पेंट या प्रकरणात हेच म्हटले होते. मुंबईच्या निकालाने ते पक्के झाले.

मग डोळ्यांचा भाग. व्हिडिओकॉनने असे आकार आधीच प्रसिद्ध असल्याचे दाखवायचा प्रयत्न केला, फरक दाखवले. न्यायमूर्तींना जुन्या प्रसिद्धीचा पुरावा पटला नाही, आणि दोन्ही मशीन शेजारी पाहता बारीकसारीक फरकांनी एकूण दिसणे बदलत नाही असे त्यांना आढळले. मनाई मिळाली. शिवाय डिझाइनच्या दाव्यासोबत ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे एकाचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावाही वस्तूच्या आकारावरून उभा राहू शकतो, हेही त्यांनी मान्य केले.

सॅन होजे, लंडन आणि मुंबई एकत्र ठेवले की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. वॉशिंग मशीनला एका अंगाने वळण घेण्याची काही गरज नव्हती. चौकोनी खोक्यातही कपडे तेवढेच स्वच्छ निघत होते, आणि बाजारातली इतर मशीन तशीच चालत होती. ते वळण कुणाच्या तरी मनातून, कागदावरून, साच्यातून आले होते. दुसऱ्याने तेच वळण घेतले तर ते त्याने पाहिले म्हणूनच. टॅब्लेटची गत उलटी. पडदा आयताकृती, म्हणून चौकट आयताकृती. हातात धरायचा, म्हणून कोपरे गोल. खिशातून पिशवीत, पिशवीतून मांडीवर जायचा, म्हणून पातळ. इव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकेक गोष्ट काढून टाकत जी अवस्था गाठली, ती इतकी मुळाशी पोहोचलेली होती की तिथे दुसऱ्या कुणी पोहोचला तर त्याने नक्कल केली की तो त्याच वाटेने आला हे सांगणे डोळ्यांना जवळजवळ अशक्य. यात त्यांच्या कामाचा कमीपणा नाही. उलट इतके साधे करणे किती कठीण असते हे ज्याने हाताने काही घडवले आहे त्याला विचारावे. पण मालकी टिकवायला साधेपणा फार निसरडा.

पुढचे थोडक्यात. मुंबईच्या निकालाचा आधार घेत कारखानदार आकारांसाठी निर्धास्तपणे न्यायालयात येऊ लागले. २०१७ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पाण्याच्या बाटलीवरच्या खटल्यात सेलोच्या ‘पुरो’ बाटलीला संरक्षण दिले आणि मॉडवेअरच्या ‘कुडोज’ बाटलीला मनाई केली. डिझाइन आणि पासिंग ऑफचे दावे एकाच खटल्यात जोडता येतात का, यावर दिल्लीच्या पूर्णपीठाने २०१३ मध्ये नाही म्हटले होते. डिसेंबर २०१८ मध्ये कार्ल्सबर्गच्या बिअरच्या बाटलीवरून पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते बदलून हो म्हटले. टॅब्लेटच्या चौकटीतले भांडण हळूहळू पडद्यावर सरकले आहे. पडद्यावरच्या मांडणीची नोंदणी डिझाइन म्हणून नाकारणारा कोलकात्याच्या कार्यालयाचा आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाजूला सारला आणि फेरविचाराला पाठवला. आणि नवीन पनवेलच्या अंगाने जे ट्रेलर रात्रंदिवस न्हावा शेवा बंदराकडे जातात-येतात, तिथेही हा कायदा उभा असतो. २००७ च्या नियमांनुसार नोंदणीकृत डिझाइनचा मालक सीमाशुल्क आयुक्तांकडे आपला हक्क नोंदवून ठेवू शकतो, आणि संशय आला तर कंटेनरमधला माल बंदरातच अडवता येतो. पेटंटची अशी अडवणूक २०१८ मध्ये नियमांतून काढली, डिझाइनची ठेवली. कारण सरळ आहे. पेटंटचा भंग तपासायला वस्तू उघडावी लागते, डिझाइनचा भंग बंदरावरच्या अधिकाऱ्यालाही पाहता येतो, निदान तसे गृहीत धरले आहे.

अमेरिकेत ६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती सोतोमायोर यांच्या एकमुखी निकालाने, सांगितले की ‘सगळा नफा’ म्हणजे संपूर्ण फोनचाच नफा असे नाही. तो फोनच्या एखाद्या भागापुरताही असू शकतो. फोनच्या भरपाईचा हिशेब पुन्हा झाला, मे २०१८ मध्ये ज्युरीने सुमारे ५३ कोटी ९० लाख डॉलर ठरवले, आणि २७ जूनला दोन्ही कंपन्यांनी तडजोड करून सात वर्षांचे प्रकरण मिटवले. त्याच जून महिन्यात मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने स्टेट बँकेच्या अर्जावर व्हिडिओकॉनला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत घेतले. चितेगावच्या कारखान्यावर पोट असलेल्या कामगारांना पेबलच्या वळणाचे काय झाले याची विचारपूस करायला तेव्हा उसंत नव्हती.

या हक्कांना मुदत असते. ॲपलच्या ८८९ ची चौदा वर्षे मे २०१९ मध्ये भरली. व्हर्लपूलच्या २००९ च्या नोंदणीला वाढवून मिळणारी पंधरा वर्षे २०२४ मध्ये संपली. गोल कोपऱ्यांची सपाट पाटी अमेरिकेत, आणि एका अंगाने वळलेले खोके भारतात, नोंदणीच्या कायद्यापुरते आता कुणीही बनवू शकतो. युरोपातली २००४ ची नोंदणी नूतनीकरण होत राहिले तर २४ मे २०२९ पर्यंत चालू शकते. पासिंग ऑफच्या दाव्याला अशी मुदत नाही.